स्लाइडवरील पांढरी जागा: ऊतींच्या संचाच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेतील ऊतींच्या, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशीसमूहांच्या, स्लाइडची जुनी लाकडी पेटी आज उघडली. तिच्यातील चाळीसपैकी सव्वीस स्लाइड निकामी झाल्या आहेत. काहींवरील रंग इतका उडाला आहे की केंद्रके दिसतच नाहीत, काहींच्या आच्छादक काचेखाली बुरशी शिरली आहे, आणि ज्या बऱ्या आहेत त्यांतील अनेकांची लेबले कसरीने खाल्ली आहेत. तयार संच विकत न घेता शक्य तितक्या स्लाइड येथेच तयार करण्याचे ठरवले आहे. त्यामागे पैशांचा विचार आहेच, परंतु मुख्य कारण शिकवण्याचे आहे. अभिस्तर (अस्तर किंवा आवरण होणारी), संयोजी (जोडणारी व आधार देणारी), स्नायू आणि चेता (संदेश वाहणारी) ही चार नावे विद्यार्थी नववीपासून पाठ म्हणतात, त्यांचे पोटप्रकारही बिनचूक लिहितात, आणि तरीही सूक्ष्मदर्शीखाली अनोळखी छेद ठेवला की गोंधळून जातात. कारण पुस्तकातील आकृतीत प्रत्येक ऊती एकटी आणि स्वच्छ काढलेली असते, तर शरीरात कोणतीच ऊती एकटी नांदत नाही.

संचात चोवीस स्लाइड असतील आणि प्रत्येकीसोबत एक माहितीपत्र असेल. मानवी अवयव आमच्यासारख्या प्रयोगशाळेत आणता येत नाहीत आणि आणूही नयेत. देहदानातून मिळणारे देह १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमानुसार मान्यताप्राप्त संस्थांकडे जातात आणि त्यांचा सांभाळ तेथेच योग्य रीतीने होतो. म्हणून गालाच्या आतील पेशी आणि रक्त एवढेच मानवी, तेही माझे स्वतःचे, घ्यायचे आणि उर्वरित ऊती मटणाच्या दुकानातून बोकडाच्या घ्यायच्या. माहितीपत्रावर एक रकाना मात्र सक्तीचा ठेवला आहे: ‘मानवी ऊतीशी साम्य कोठे, भेद कोठे’.

ऊती ही कल्पना ज्याने प्रथम पद्धतशीर मांडली, त्या फ्रेंच वैद्य झाविए बिशा याने सूक्ष्मदर्शीचा आधार घेतलाच नव्हता. पॅरिसमध्ये शवविच्छेदने करताना त्याने शरीराचे भाग वाळवले, उकळले, कुजू दिले, आम्लात ठेवले, आणि ते कसे बदलतात हे पाहून एकवीस प्रकारच्या ऊती वेगळ्या केल्या. १८०२ साली वयाच्या तिसाव्या वर्षी तो वारला. आजचे चार गट त्याच्यानंतर अनेक दशकांनी, पेशी सिद्धान्त रुजल्यावर स्थिरावले. पदार्थ हाताळल्याशिवाय ऊती समजत नाही, ही त्याची रीत मला या प्रकल्पासाठी फार मोलाची वाटते.

२१ जून २०२४

पहिली स्लाइड गालाच्या आतील अस्तराची केली. दातकोरणीच्या बोथट टोकाने हलकेच खरवडून, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकून पाहिले असता सुमारे ५० ते ६० मायक्रोमीटर रुंदीच्या, चपट्या, कडा दुमडलेल्या पेशी आणि प्रत्येकीच्या मध्यभागी एक गडद निळे केंद्रक असे नेहमीचे सुंदर दृश्य दिसले. तरीही माहितीपत्र लिहिताना मी थांबले. या पेशी अभिस्तर ऊतीच्या आहेत, परंतु जे दिसते आहे ती ऊती नव्हे. अभिस्तराची ओळख पेशी एकमेकींना घट्ट चिकटून सलग पत्रा तयार करतात यात आहे, आणि खरवडताना तीच गोष्ट मोडली. एकट्या पेशीचा आकार पाहून ऊतीचे नाव सांगण्याची सवय विद्यार्थ्यांना याच स्लाइडमुळे लागते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. स्लाइड ठेवली, मात्र तिच्यावर ‘सुट्या पेशी’ असे लिहिले.

२६ जून २०२४

रक्ताचा पातळ थर ओढून, लीशमन रंजकाने रंगवून तीन स्लाइड केल्या. निर्जंतुक सुईने माझ्याच बोटाचे रक्त घेतले. विद्यार्थ्यांचे रक्त वर्गात घेऊ नये हा नियम येथे काटेकोर पाळला जाईल. सुमारे साडेसात मायक्रोमीटर व्यासाच्या, मध्यभागी फिकट दिसणाऱ्या तांबड्या पेशी, त्यांच्यामध्ये विखुरलेल्या थोड्या पांढऱ्या पेशी आणि जांभळ्या ठिपक्यांसारख्या रक्तपट्टिका उत्तम दिसत आहेत.

मदतीला आलेल्या बारावीच्या विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, हे सगळे गोळे तर सुटे सुटे आहेत, मग रक्ताला ऊती का म्हणायचे?” मी तिला तांबड्या पेशींऐवजी त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेकडे पाहायला सांगितले. रक्ताच्या आकारमानाचा निम्म्याहून थोडा अधिक, सुमारे ५५ टक्के भाग म्हणजे रक्तद्रव्य, आणि तेच या संयोजी ऊतीचे आधारक, म्हणजे पेशींच्या मधला पदार्थ, आहे. पेशी त्यात तरंगतात, म्हणून सुट्या दिसतात. काचेवर थर वाळला, त्यातील पाणी उडून गेले, राहिलेल्या प्रथिनांनी रंग जवळजवळ घेतलाच नाही, आणि आपल्याला ती जागा मोकळी वाटली.

या प्रश्नामुळे संचाची मांडणीच बदलावीशी वाटते आहे. चार ऊतींमधला मोठा भेद पेशींच्या मध्ये काय आहे आणि किती आहे यात आहे, आणि नेमके तेच स्लाइडवर अनेकदा पांढरे दिसते. माहितीपत्रावर दुसरा सक्तीचा रकाना वाढवला: ‘येथे पांढरे दिसते, तेथे जिवंतपणी काय होते’.

७ जुलै २०२४

रविवार असल्याने पहाटे साडेसहालाच दुकानात गेले. दुकानदार भाऊंना आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे श्वासनलिका, लहान आतडे, मूत्रपिंड, हृदय, मांडीचा स्नायू, नडगीचे हाड, घोट्यामागचा स्नायुरज्जू, मांडीतली जाड चेता आणि मानेतील मेरुरज्जूचा तुकडा एवढे त्यांनी वेगळे काढून दिले. “मॅडम, नस कुणी मागत नाही, ती आम्ही टाकूनच देतो,” असे म्हणत चेतेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

फॉर्मॅलिनची बरणी दुकानातच सोबत नेली होती आणि तसे करणे आवश्यकच होते. आतड्याचे अस्तर प्राणी मेल्यावर काही मिनिटांतच स्वतःच्या विकरांनी (एन्झाइमांनी) सुटू लागते. घरी येईपर्यंत थांबले असते तर अंकुरकांवरचा, म्हणजे आतड्याच्या आतील बोटांसारख्या उंचवट्यांवरचा, अभिस्तर गळून गेला असता. आतडे उभे चिरून, न घासता, मिठाच्या पाण्याने धुऊन, पाच मिलिमीटरपेक्षा पातळ तुकडे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकले. द्रावण तुकड्यांच्या वीसपट घेतले. श्वासनलिकेच्या एका तुकड्याची लांबी मोजून १० मिलिमीटर अशी नोंद केली आहे. शेवटी तिच्याशी तुलना करायची आहे.

११ जुलै २०२४

पातळ छेद कापता यावेत म्हणून तुकडे मेणात बसवायचे असतात. त्या मेणाच्या भट्टीचे तापमान ६० अंशांवर स्थिर ठेवायचे असताना दुपारी दोन तास वीज नव्हती. मेण थिजले. तुकड्यांतील पाणी काढणाऱ्या अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या आणि मेणासाठी वाट करणारे झायलीन हे टप्पे पार पडले होते, म्हणून नुकसान झाले नाही. संध्याकाळी पुन्हा मेण वितळवून तुकडे रात्रभर ठेवले.

१६ जुलै २०२४

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयाने दिवसभर मायक्रोटोम, म्हणजे अतिपातळ छेद कापण्याचे यंत्र, वापरू दिला. पाच मायक्रोमीटर जाडीच्या पट्ट्या कापून कोमट पाण्यावर पसरवल्या, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवल्या. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतील लॉगवुड झाडाच्या गाभ्यातून मिळणारा रंग. तुरटीसोबत तो केंद्रकांना धरतो, परंतु प्रथम लालसर दिसतो आणि किंचित अल्कधर्मी पाण्यात निळा होतो. आमच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याबद्दल प्रयोगशाळेतील मामांची नेहमी तक्रार असते, पण या कामाला तेच पाणी उत्तम ठरले.

श्वासनलिकेचा आडवा छेद पाहताना मला जितके समाधान झाले तितके इतर कोणत्याही स्लाइडने दिले नाही, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते. सर्वांत आत, हवेच्या वाटेलगत, उंच पेशींचा अभिस्तर आहे. केंद्रके वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे अनेक थर असल्याचा भास होतो, परंतु प्रत्येक पेशी खालच्या आधारपटलाला टेकलेली असते, म्हणून त्याला आभासी स्तरित म्हणतात. पेशींच्या वरच्या कडेला रोमिकांची (केसांसारख्या सूक्ष्म तंतूंची) बारीक झालर आहे. मधूनमधून चषकपेशी दिसतात, आणि त्या जवळजवळ पांढऱ्या आहेत. हे पहिले पांढरे. त्या पेशीत श्लेष्मा भरलेला होता. त्यातील शर्करायुक्त पदार्थ या दोन रंगांना दाद देत नाही, म्हणून भरलेली पेशी रिकामी दिसते.

अभिस्तराच्या खाली सैल संयोजी ऊती, तीत सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि ग्रंथी आहेत. अभिस्तरात स्वतःची एकही रक्तवाहिनी नसते; त्याचे सर्व पोषण या खालच्या थरातून झिरपून येते, हे याच स्लाइडवर बोट ठेवून दाखवता येते. त्याखाली निळसर झाक असलेली काचाभ कास्थी (कूर्चा) कडीच्या रूपात आहे. कडीचा जेथे खंड पडतो तेथे अरेखित (आडव्या रेषा नसलेल्या) स्नायूंचा पट्टा आहे, आणि बाहेरच्या वेष्टनात, चरबीच्या पेशींच्या शेजारी, एका लहान चेतेचा गोल छेद सापडला. चारही ऊती नखाएवढ्या छेदात, एकमेकींना लागून. संचाची पहिली स्लाइड हीच ठेवायची. चार नावे तिच्यानंतर सांगायची.

कास्थीत प्रत्येक पेशी एका लहान पोकळीत बसलेली असते, आणि पेशीभोवती पांढरे कडे दिसते. हे दुसरे पांढरे, आणि ते फसवे आहे. जिवंतपणी पेशी पोकळी पूर्ण भरून असते. अल्कोहोल आणि मेणाच्या प्रवासात ती आकसते आणि कडे निर्माण होते. ताजा असताना १० मिलिमीटर असलेला श्वासनलिकेचा तुकडा मेणात ८ मिलिमीटर भरला, यावरून आकसण्याचे प्रमाण लक्षात येते. खरा ऐवज पोकळ्यांच्या मधल्या आधारकात आहे. कास्थीच्या वजनाचा ७० टक्के किंवा त्याहून अधिक भाग पाणी असते आणि कोलॅजेनच्या जाळ्यात अडकलेले, शर्करेच्या साखळ्या असलेले प्रचंड रेणू ते पाणी धरून ठेवतात. दाब आला की पाणी थोडे सरकते, दाब गेला की परत येते. या आधारकात रक्तवाहिनी शिरत नाही, म्हणूनच झिजलेली कास्थी सहजासहजी भरून येत नाही.

मानवी श्वासनलिकेत कास्थीच्या १६ ते २० कड्या असतात, बोकडाच्या लांब मानेत त्या कितीतरी अधिक आहेत. परंतु ऊतींच्या पातळीवर साम्य पुष्कळ आहे, आणि येथे बोकडाची स्लाइड मानवासाठी वापरण्यात मला संकोच वाटत नाही.

२० जुलै २०२४

माझ्या हातून झालेली एक चूक नोंदवते. आमच्याकडे मापनासाठी खुणांची काच नाही, म्हणून छेदात सापडलेल्या तांबड्या रक्तपेशीला मोजपट्टी मानून मी अभिस्तराची उंची मोजली. रक्तपेशी साडेसात मायक्रोमीटर धरून उंची सुमारे १०० मायक्रोमीटर आली आणि तीच माहितीपत्रावर लिहिली. मानवी छेदात ही युक्ती चालते. परंतु शेळीवर्गाच्या तांबड्या रक्तपेशी पाळीव सस्तन प्राण्यांत सर्वांत लहान, जेमतेम सव्वातीन मायक्रोमीटरच्या आसपास असतात. खरी उंची त्यामुळे ४० ते ४५ मायक्रोमीटर ठरते.

खात्रीसाठी दुकानातून आणलेल्या रक्ताचा थर ओढून तो माझ्या रक्ताच्या स्लाइडशेजारी ठेवला. फरक इतका ठळक आहे की ४०० पट विवर्धनात तो कोणालाही सांगावा लागणार नाही. ही जोडी आता संचात समाविष्ट केली आहे. दोन्ही रक्तच, दोन्ही संयोजी ऊतीच, आणि तरी एकीचे माप दुसरीला लावता येत नाही.

२७ जुलै २०२४

चरबीयुक्त ऊतीने दोन दिवस घेतले. मेणात बसवलेल्या छेदात ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते: पातळ गुलाबी भिंती, एका कडेला दाबले गेलेले चपटे केंद्रक आणि मध्ये निखळ पांढरे. मदतनीस विद्यार्थ्यांपैकी दोघांनी तिला फुफ्फुस म्हटले, आणि जे समोर दिसत होते त्यावरून त्यांचा अंदाज गैर नव्हता. अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून निघून गेलेली असते. आपण पाहतो ते पेशीचे रिकामे घर.

म्हणून चरबी तिच्या जागी असलेली दाखवायची ठरवले. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला, परंतु अल्कोहोल न लागलेला तुकडा बर्फात कडक करून दाढीच्या पात्याने हाताने कापला, सुदान तीन या रंजकात ठेवला आणि ग्लिसरीनमध्ये बसवला. छेद जाड आले, कडा फाटल्या, सतरा प्रयत्नांतून दोनच टिकले. परंतु त्या दोन्हींत प्रत्येक पेशी नारिंगी थेंबाने गच्च भरलेली दिसते आहे. दोन्ही स्लाइड संचात शेजारी ठेवल्या आहेत. एकच ऊती एका काचेवर रिकामी आणि दुसऱ्या काचेवर भरलेली पाहिल्यावर पांढऱ्या जागेविषयी मला वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

स्नायुरज्जूच्या छेदात समांतर कोलॅजेन तंतूंच्या लाटा आणि त्यांच्या फटींत ओळीने बसलेली बारीक केंद्रके एवढेच आहे. पेशी थोड्या आणि तंतू अपार. स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवण्याचे काम हे तंतूच करतात. उरलेला रज्जू पाण्यात मंद आचेवर चार तास शिजवला तेव्हा तो मऊ होऊन पाणी चिकट झाले, आणि थंड झाल्यावर थिजले. पायांच्या रश्शाला जो चिकटपणा येतो तो याच कोलॅजेनचा, हे सांगताच विद्यार्थ्यांना बिशाची उकळण्याची पद्धत लगेच उमगली.

३ ऑगस्ट २०२४

श्रावण परवा, ५ तारखेला, लागत आहे. महिनाभर दुकानात माल कमी असेल, म्हणून हाडे आणि हृदय आजच पुन्हा आणले.

हाडाचा छेद दोन प्रकारे करता येतो. आम्लात ठेवून कॅल्शियमचे क्षार काढून टाकले की हाड सुरीने कापता येते, परंतु तेव्हा त्याचा कठीण भागच गेलेला असतो. म्हणून मी घासण्याची जुनी रीत निवडली. नडगीची करवतीने काढलेली चकती पाण्यासोबत आधी जाड, मग बारीक पॉलिश कागदावर आणि शेवटी सहाणेवर घासत, तिच्याखालची छापील अक्षरे वाचता येतील इतकी पातळ केली. मामा आणि मी आळीपाळीने घासत होतो. एका चकतीला सुमारे तीन तास लागले. बाल्सम (स्लाइडवर छेद बसवण्याची पारदर्शक राळ) घट्ट असतानाच बसवला, जेणेकरून तो पोकळ्यांत शिरू नये. पोकळ्यांत हवा राहिली आणि त्या काळ्या दिसू लागल्या. येथे मात्र रिकामे ते काळे, आणि भरीव आधारक पांढरे. माहितीपत्रात हे उलटे गणित अधोरेखित केले.

एक अडचण राहिली. आडव्या छेदात मध्यवर्ती नलिकेभोवती वर्तुळाकार थर असलेल्या हॅवर्स संहती दिसतील अशी अपेक्षा होती, पण बऱ्याच भागात विटांच्या बांधकामासारखे आडवे, एकावर एक थर दिसतात. बोकड कोवळा होता. शेळी, मेंढी, गाय अशा वेगाने वाढणाऱ्या प्राण्यांत हाडाचा हा प्रकार नेहमीचाच असतो, आणि सापडलेले हाड मानवी नसावे असा अंदाज बांधण्यासाठी न्यायवैद्यकात त्याचा उपयोग होतो. ही स्लाइड ‘मानवी हाड’ म्हणून दाखवणे चुकीचे ठरेल. ती संचात राहील, परंतु बोकडाचे हाड म्हणूनच.

१७ ऑगस्ट २०२४

मांडीच्या रेखित स्नायूची स्लाइड पहिल्याच प्रयत्नात नीट आली. आडव्या रेषा स्पष्ट, केंद्रके तंतूच्या कडेला. आतड्याच्या भिंतीतील अरेखित स्नायूंचे दोन थर, एक वर्तुळाकार आणि एक उभा, आतड्याच्याच स्लाइडवर मिळाले.

हृद्‍स्नायूवर मात्र थांबावे लागले. फांद्या फुटलेले तंतू आणि मध्यभागी असलेली केंद्रके दिसतात, परंतु तंतूंना आडव्या छेदणाऱ्या पट्टिका या रंगांत पुसट आहेत. हृदयाचे तंतू एकसंध जाळे आहेत की स्वतंत्र पेशी, हा वाद दीर्घकाळ चालला आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने या पट्टिका म्हणजे दोन पेशींमधल्या सीमा आहेत असे दाखवल्यावर मिटला. ज्या सीमेने मोठमोठ्या संशोधकांना चकवले ती विद्यार्थ्यांना सहज दिसावी अशी अपेक्षा ठेवणे बरोबर नाही. लोहयुक्त हिमॅटॉक्सिलिनने पुन्हा रंगवल्यावर त्या बऱ्याच ठसठशीत झाल्या.

हृदयाच्या आतील अस्तराखाली फिकट, जाड तंतूंचा एक पुंजका दिसला आणि मन प्रसन्न झाले. ते पुरकिंजे तंतू आहेत. यान पुरकिंजे याने १८३९ मध्ये ते प्रथम मेंढीच्या हृदयात पाहिले, कारण खूर असलेल्या प्राण्यांत ते मानवापेक्षा पुष्कळ ठळक असतात. तेही मध्यभागी पांढुरके दिसतात. तेथे ग्लायकोजेनचा (साठवलेल्या शर्करेचा) साठा असतो आणि आकुंचनाचे तंतुक कमी असतात. ठोक्याचा संदेश वाहून नेणारे हे तंतू चेता ऊती नसून रूपांतरित स्नायू आहेत, ही गोष्ट ‘संदेश वाहतो तो चेतेने’ या सवयीच्या वाक्याला आवर घालते.

अन्ननलिकेची स्लाइड रद्द केली. मानवात तिच्या वरच्या भागात रेखित आणि खालच्या भागात अरेखित स्नायू असतात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत ती अखेरपर्यंत रेखितच असते, आणि आतला अभिस्तरही शृंगी, म्हणजे वरच्या बाजूला कठीण, मृत पेशींचा थर असलेला, असतो. या अवयवाबाबत बोकडावरून मानव शिकवता येत नाही.

३० ऑगस्ट २०२४

चेता ऊती. मेरुरज्जूच्या राखाडी भागातील पुढच्या शिंगातून टाचणीच्या डोक्याएवढा ऐवज घेऊन दोन काचांमध्ये दाबून मिथिलीन ब्लूने रंगवला. मोठ्या, अनेक फाटे असलेल्या चेतापेशी अतिशय छान आल्या. फिकट केंद्रकात गडद केंद्रकी ठिपक्यासारखी उठून दिसते. पेशीकाय एवढासा, आणि त्यातून निघणारा अक्षतंतू, म्हणजे संदेश नेणारा लांब फाटा, मानवात कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत, म्हणजे सुमारे मीटरभर लांब असू शकतो. तो अर्थात दाबलेल्या स्लाइडवर पहिल्या काही मायक्रोमीटरनंतर तुटलेला आहे.

मांडीच्या चेतेचा आडवा छेद पाहून एका विद्यार्थ्याने लिहिले: ‘पोकळ नळ्या, प्रत्येकीत एक गुलाबी तार.’ निरीक्षण प्रामाणिक आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे. गुलाबी तार म्हणजे अक्षतंतू; त्याच्याभोवतीचे पांढरे कडे म्हणजे मायलिनचे वेष्टन, ज्याच्या कोरड्या वजनाचा ७० टक्क्यांहून अधिक भाग स्निग्ध पदार्थ असतो आणि म्हणून चरबीप्रमाणेच तेही झायलीनमध्ये विरघळून गेले. चेतेतील सर्वांत महत्त्वाचे आवरण या स्लाइडवर केवळ अभावाने दिसते.

ताज्या चेतेचा धागा मिठाच्या पाण्यात दोन सुयांनी विंचरून, काहीही न रंगवता पाहिला. प्रत्येक तंतूला दोन चमकदार कडा दिसल्या. ती मायलिनची झळाळी. दोन ठिकाणी वेष्टन खंडित होऊन तंतू अरुंद झालेला दिसला. लुई रान्व्हिए याने १८७१ मध्ये वर्णिलेले खंड हेच. संदेश एका खंडापासून दुसऱ्या खंडाकडे झेप घेत जातो. ही स्लाइड टिकाऊ करता येत नाही, म्हणून ती दर वर्षी वर्गासमोर ताजी करावी लागेल.

२४ सप्टेंबर २०२४

गणेशोत्सवाच्या सुट्टीनंतर एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाने त्यांचा अध्यापनाचा संच पाहू दिला आणि छायाचित्रे घेण्यास परवानगी दिली. तेथे घालवलेला पूर्ण दिवस या प्रकल्पातील सर्वांत उपयुक्त दिवस ठरला.

मानवी हाडाच्या घासलेल्या छेदात हॅवर्स संहती पुस्तकातल्यासारख्या स्पष्ट होत्या. तळपायाच्या कातडीत शृंगी थर इतका जाड होता की चाळीस पट विवर्धनात दृष्टिक्षेत्राचा बराच भाग त्यानेच व्यापला. लघुमस्तिष्काची (लहान मेंदूची) एक रौप्य रंजनाची, म्हणजे चांदीच्या क्षाराने रंगवलेली, स्लाइड होती. इटालियन संशोधक कामिलो गोल्जी याची १८७३ ची ही पद्धत थोड्याच पेशींना, पण त्यांना संपूर्णपणे, काळे करते. बाकी सर्व पिवळट आणि मोकळे राहते. त्या मोकळ्या जागेत प्रत्यक्षात खच्चून पेशी आणि तंतू भरलेले असतात, आणि सर्वच रंगले असते तर काहीच ओळखता आले नसते. याच पद्धतीने स्पॅनिश संशोधक रामोन इ काहाल याने चेतापेशी एकमेकींपासून स्वतंत्र असल्याचे मांडले, गोल्जी मात्र त्या सलग जाळ्याच्या बाजूने राहिला, आणि १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. दोन चेतापेशींमधली फट सुमारे २० ते ३० नॅनोमीटरची. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शीला ती दिसणे शक्यच नव्हते. ज्या मधल्या जागेवर हा सगळा वाद होता, ती दोघांनाही कधी दिसली नाही.

शेवटी ऑस्मियम टेट्रॉक्साइडने रंगवलेला मानवी चेतेचा छेद पाहिला. या द्रव्याची वाफ डोळ्यांना घातक असल्याने ते आमच्या प्रयोगशाळेत आणणार नाही. ऑस्मियम स्निग्ध पदार्थ जागच्या जागी पकडून काळे करते. आमच्या स्लाइडवर जेथे पांढरी कडी होती तेथे येथे जाड काळी कडी होती, एकेक करून मोजता येतील अशी. हे छायाचित्र मोठ्या आकारात छापून आमच्या स्लाइडसोबत ठेवत आहे.

१ ऑक्टोबर २०२४

अकरावीच्या एका तुकडीने संच वापरला. सुरुवात श्वासनलिकेपासून केली आणि ऊतींची नावे पहिला अर्धा तास सांगितली नाहीत. फक्त ‘पेशी कोठे दाटीने आहेत, कोठे विरळ, आणि मध्ये काय आहे’ एवढेच लिहायला सांगितले. मूत्रपिंडाच्या छेदात बऱ्याच जणांनी नलिकांच्या मधोमधच्या पांढऱ्याला ‘विरघळलेली चरबी’ म्हटले. तेथे मात्र खरोखर वाहती पोकळी असते आणि तिच्याभोवती घनाकार पेशींची कडी असते. पांढऱ्याचा अर्थ एकदा शिकवला की तो सर्वत्र लावला जातो, हा धोका मी आधी ओळखायला हवा होता. भोवती अभिस्तराची सलग कड आहे का, हे प्रथम पाहावे, अशी सूचना माहितीपत्रात भरली.

आतड्याच्या स्लाइडवर एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिले नाही. अंकुरकाच्या टोकाला अभिस्तर आणि खालची संयोजी ऊती यांच्यामध्ये एक पांढरी टोपी दिसते. ती नलिकेची पोकळी नाही, आणि चरबी विरघळल्याचीही नाही. फॉर्मॅलिन पोहोचण्यापूर्वी अंकुरक आकुंचन पावल्यामुळे अभिस्तर तेथे उचलला जातो, असे माझे मत आहे. परंतु तिला ते तोंडी न सांगता दाखवावे, असे वाटले.

१४ ऑक्टोबर २०२४

नवरात्र संपेपर्यंत थांबले आणि काल सकाळी दुकानात जाऊन आतड्याचे ताजे तुकडे घेतले. पहिला तुकडा क्षणाचाही विलंब न करता फॉर्मॅलिनमध्ये टाकला, दुसरा दहा मिनिटांनी आणि तिसरा अर्ध्या तासाने. तिन्ही बाटल्यांवर वेळ लिहिली आहे. मायक्रोटोम येत्या आठवड्यात मिळेल. तिन्ही छेद एकाच काचेवर शेजारी बसवणार असून, प्रश्न विचारणाऱ्या मुलीने पांढरी टोपी कोणत्या तुकड्यात किती जाड आहे ते स्वतः मोजायचे आहे. संचातील चोविसावा खण त्या स्लाइडसाठी रिकामा ठेवला आहे.